उबुंगचं कोरं तोंड

खालच्या अंगाच्या गावांत उबुंगची एक गोष्ट सांगतात. तिने म्हणे नवऱ्याला मारलं, घरातच चुलीखाली पुरलं आणि आता रोज त्याच्या छातीवर भात शिजवते. सांगणारा इतकं रंगवून सांगतो, की कधीकाळी तिच्याकडे जेवून गेलेल्या माणसाने उठून ओकायला नदीकाठ गाठावा.

गोष्ट साफ खोटी आहे. मी तिचा शेजारी, मला विचारा. पहिलं म्हणजे, आमची घरं खांबांवर. चुलीखाली फळ्या, फळ्यांखाली मोकळी हवा आणि त्या हवेत लोळणारी माझी डुकरं. तिथे माणूस पुरायचा तर अधांतरीच पुरावा लागेल. दुसरं म्हणजे वासाचं. एक फिरता व्यापारी तिच्या पडवीत बसला होता, त्याने मेलेल्या माणसाचा वास आल्याची बोंब मारली. त्याला आंबवलेल्या दुर्यानचा वास आला होता. चुलीमागे तिचा रांजण आहे, त्यात त्या फळाचा गर मीठ घालून मुरवलेला. तो मेलेल्या माणसासारखा वास मारतो हे मी नाकारत नाही. पण भाताला लावून खाल्लात तर मेलेला माणूससुद्धा उठून आणखी मागेल.

खरं एवढंच, की मेरांग घरात नाही. चुलीखाली नाही, चुलीमागे नाही, कुठेच नाही.

मेरांग म्हणजे तिचा नवरा. आमच्या लोंग तेवाउच्या पुरुषांना एक जुनी खोड आहे. जन्मात एकदा तरी डोंगर ओलांडून पलीकडच्या मुलुखात लाकूडतोडीच्या कामाला जायचं. येताना होडीचं इंजिन आणायचं, नाहीतर रेडिओ, नाहीतर निदान बढाया. जो कुठेच गेला नाही त्याच्याकडे पडवीत बसून सांगण्यासारखं स्वतःचं काही नसतं. मग तो माझ्यासारखा शेजाऱ्यांचं सांगतो. मेरांग आणखी दोघांबरोबर गेला. पुढच्या कापणीला ते दोघे खांद्यावर इंजिन घेऊन परत आले. आणि मेरांग? तर दोन वाटा फुटतात तिथे तो म्हणे दुसऱ्या वाटेला लागला. म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच."

त्याच पावसात पलीकडच्या नदीला पूर येऊन एक माणूस वाहून गेल्याची बातमी, छोटं विमान उतरतं त्या धावपट्टीवरच्या रेडिओवर आली. कोण माणूस, कुठला, ते सगळं खरखरीत बुडालं. तेव्हापासून मेरांग जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही. पुरुषाला असं लटकून राहता येतं. त्याच्या बायकोला येत नाही, तिला रोज पाणी भरायचं असतं.

आता टोकणीचं सांगतो, कारण सगळं अडलंय ते तिथे.

आमच्याकडे रान तोडायचं, वाळलं की जाळायचं आणि राख गार झाली की भात टोकायचा. पुरुष ओळ धरून उतार चढतात आणि काठीने भोकं पाडत जातात. मागून बायका येतात आणि कमरेच्या टोपलीतले दाणे भोकाभोकात टाकतात. हे एकट्यादुकट्याचं काम नाही. एकट्याने करत बसलात तर वरचं भात पिकतं तेव्हा खालचं दुधात असतं आणि मधल्यामध्ये पाखरांची लग्नसराई. म्हणून सावड. आज तुझं शेत, उद्या माझं. सगळं गाव एका उतारावर.

आणि सावड म्हटली की काजळी. टोकणीच्या आधी काही दिवस आमच्या बायका टोपांची बुडं घासत नाहीत. कुणी विचारलं तर म्हणतात, हात दुखतो. मग ती काजळी खरवडून, तेलात कालवून, चिंधीत बांधून कमरेला खोचतात. पुरुषही काही कमी नाहीत. तुम्ही घाम पुसायला थांबलात की मागून दोन हात येतात आणि या कानापासून त्या कानापर्यंत तुमचं तोंड सारवून जातात. बायका पुरुषांना, पुरुष बायकांना, सासवा जावयांना, शेजारणी शेजारणींना. पाद्रीबाबांना सकाळीच उरकून टाकतात, म्हणजे दिवसभर ते निवांत काम करतात. एकदा छोट्या विमानाचा वैमानिक नुसता बघायला म्हणून आला होता. परत गेला तेव्हा त्याला त्याच्या विमानाने आत घेतलं हेच नवल. दुसरीकडे कुठे काळं तोंड लाजेचं असेल. आमच्या उतारावर त्या दिवशी लाज वाटते ती कोऱ्या तोंडाची.

कोरं तोंड फक्त सुतकातल्या माणसाचं. ज्याच्या घरी मरण झालंय त्याला काजळी लावायची नाही, त्याची थट्टा करायची नाही. केली तर मेलेल्याची वाट अंधारते म्हणतात, आणि लावणाऱ्याला दंड एक पितळी घंटा. मग घरच्यांनी डुक्कर मारून गावाला जेवण घालायचं, नदीत डुबकी मारायची, सुतक फिटलं. पुढच्या टोकणीला त्याच माणसाला सगळ्यात जास्त काजळी. बायको गेलेले म्हातारे त्या दिवशी मुद्दाम हळूहळू चालतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मेरांग न आलेल्या पहिल्या टोकणीला कुणीतरी हात काळे करून उबुंगच्या मागे जाऊन उभं राहिलं. तेवढ्यात उको इंगान खोकले. उको म्हणजे आजोबा. इंगान गावाच्या रूढी सांभाळतात, म्हणून लहानथोर सगळ्यांचेच उको, आणि त्यांचा खोकला म्हणजे कायदा.

"थांबा," ते म्हणाले. "तो मेला असला तर?"

हात खाली आले. पुढच्या वर्षी हात वर झालेच नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी कुणाच्या मनातही आलं नाही. झाडाला वळसा घालून वाट पडते, तसं झालं.

तिला कुणी वाईट वागवलं असं समजू नका. उलट सगळे इतके जपून वागायला लागले, की त्यापेक्षा दोन शिव्या बऱ्या. ती आली की पडवीतला विनोद अर्ध्यावर राहायचा. बाकीच्यांना मी "काय गं म्हशी" म्हणायचो, तिला "उबुंग, बरी आहेस ना?" आणि संध्याकाळचं बघवत नसे. टोकणी संपली की सगळं गाव तोंडं धुवायला नदीवर. काय तो आरडाओरडा! एकमेकांची मान धरून पाण्यात बुडवणं, वाळूने गाल घासणं, नवऱ्याच्या कानातली काजळी काढता काढता बायकोने त्याला चार गोष्टी ऐकवून घेणं. उबुंगला धुवायला काहीच नसायचं. ती काठावरच्या दगडावर रिकाम्या टोपल्या एकात एक घालत बसायची. टोपल्या एकात एक गेल्या, की पुन्हा काढायची आणि पुन्हा घालायची.

तिच्या घरातले आवाज मला पाठ आहेत. भात कांडायला आमच्याकडे उखळाशी दोघी लागतात. एकीचं मुसळ वर, तेव्हा दुसरीचं खाली. तो ठेका ऐकून लांबूनच कळतं की घरात माणसं आहेत. उबुंगकडून एकाच मुसळाचा आवाज येतो. ठप. मग बराच वेळ काही नाही. मग ठप. सुरुवातीला माझी बायको लिरिन जाऊन दुसरं मुसळ धरायची. पण लिरिनला कांडताना बोलायची सवय, तेही माझ्याविषयी, आणि उबुंग म्हणायची, "लिरिन, तुझं ऐकून मला नवरा नसल्याचा आनंद होतो, मग मला माझीच लाज वाटते. तू आपली घरी जा."

तिच्याकडे एक कुत्रं आहे. त्याचं नाव तिने पायलट ठेवलंय, कारण ते मनाला येईल तेव्हा येतं, आभाळ भरलं की येत नाही, आणि आलं की सगळ्यांनी धावत बाहेर यावं अशी त्याची अपेक्षा असते. त्याला ती दिवसभराचं सगळं सांगते. मी एकदा पडवीतून ओरडलो, "अगं, त्याला काय कळतंय?"

"तुला सांगितलं तर गावाला कळतं," ती म्हणाली. "त्याला सांगितलं तर त्यालाच."

एक संध्याकाळ मला विसरता येत नाही. मी आणि लिरिन सकाळीच पुरेपूर भांडून घेतल्यामुळे गप्प जेवत होतो. दोन घरांमधल्या मोकळ्या जागेतून उबुंगची हाक आली.

"लावाई! लिरिन! आज काय झालंय तुम्हाला?"

"काही नाही, जेवतोय."

"भांडा की जरा. घर फार गप्प आहे."

लिरिनने माझ्याकडे बघितलं. मग तिने शेजारधर्म म्हणून माझ्या आईपासून सुरुवात केली.

गेल्या वर्षी, रान तोडायच्या दिवसांत, उबुंग उको इंगानांकडे गेली. मी तिथेच होतो. मी साधारण तिथेच असतो.

"उको, मला काहीतरी एक ठरवून द्या," ती म्हणाली.

"काय ठरवायचं, पोरी?"

"मी विधवा आहे की नवऱ्याची बायको?"

उकोंनी पानात वळलेली तंबाखू पेटवली. ती विझली. पुन्हा पेटवली. "मेरांगचं काही कळलंय का?"

"नाही."

"मग विधवा कशी म्हणू?"

"तर मग बायको म्हणा. येत्या टोकणीला सगळ्यांसमोर सांगा, हिलाही काजळी लावा."

"आणि तो मेलेला निघाला तर? सुतकातल्या बाईच्या तोंडाला गावाने हात लावला असं होईल. दंड माझ्या माथी."

"मग मेला म्हणा. सुतक धरते. माझं डुक्कर मारते, गावाला जेवू घालते आणि फेडून टाकते."

"आणि तो जिवंत निघाला तर? जिवंत माणसाचं सुतक! उद्या दारात येऊन उभा राहिला तर काय सांगू त्याला? तुझं जेवण आम्ही जेवलो म्हणून?"

"सांगा की, डुक्कर मऊ शिजलं होतं," मी म्हणालो.

उबुंगने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. "लावाई, तू मेलास तर मी उभ्या पावली सुतक धरीन. विचारायला यायची नाही कुणाला."

"बघा उको, बायको करणार नाही इतकी माया."

उको हसले नाहीत. ते कठोर माणूस नाहीत. चूक झाली तर मेलेल्यांपुढे आणि जिवंतांपुढे दोन्हीकडे त्यांनाच उभं राहायचं असतं. म्हणाले, "थांब थोडी, पोरी. थांबणाऱ्याचं वाईट होत नाही."

"माझं होतंय," उबुंग म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. टोपली उचलली आणि पायऱ्या उतरून गेली. उकोंची तंबाखू हातातच विझली, आणि या खेपेला त्यांनी ती पेटवली नाही.

त्या वर्षीही ती कोऱ्या तोंडाने टोपल्या मोजत बसली.

यंदा मात्र बातमी आली. रान जाळून झालं होतं, राख अजून पायाला कोमट लागत होती, तेव्हा युसाक पलीकडून परत आला. युसाक म्हणजे पाद्रीबाबांचा पुतण्या, यंदाचं रान तोडून झाल्यावर गेलेला. इंजिन नाही, रेडिओ नाही, नुसता नवा शर्ट. उकोंच्या पडवीत त्याला कॉफी दिली, आणि सगळे विचारतात ते कुणीतरी विचारलं: मेरांगची काही खबर?

"मेरांग? भेटला की," युसाक म्हणाला, जणू काल संध्याकाळी नदीवर भेटला. "दुकान आहे त्याचं. तेल, काडेपेट्या, बिस्किटं. जाड झालाय."

बसलेले सगळे युसाककडे सरकले.

"एकटाच असतो?" मी विचारलं.

"एकटा माणूस बिस्किटं विकून जाड होतो का, लावाईकाका? बाई आहे. दोन पोरं आहेत. धाकट्याचं नाक त्याच्यासारखं."

उकोंनी विचारलं, "काही निरोप?"

"चहा पाजला मला. विचारलं, यंदा रान कुठल्या अंगाला तोडलंय? मी म्हटलं, ओढ्याच्या वरच्या उताराला. म्हणाला, तिथली जमीन चांगली. मग एक गिऱ्हाईक आलं."

"एवढंच?"

"एवढंच."

अशी बातमी हातात घेऊन मी घरापर्यंत धावलो, आणि घरी पोहोचलो तेव्हा ती माझ्या आधीच पोहोचली होती. लिरिन मासे भाजत होती आणि रडत होती. माझ्या आधी कुणी सांगितलं, हे मला अजून लागतं.

पण उबुंगला सांगायचं कुणी? आमच्याकडे वाईट बातमी तोंडाने द्यायचा धीर नसला की लोक वाटी पाठवतात. त्या दुपारी उबुंगच्या पडवीत आधी बांबूच्या नळीतला चिकट भात आला. मग कसावाचा पाला. मग धुरावलेलं रानडुक्कर. पाद्रीबाबांकडून केळी. उकोंकडून, जे स्वतःच्या जावयाला घोटभर कॉफी देताना चमचा आडवा धरतात, त्यांच्याकडून अख्खी शिजवलेली कोंबडी. प्रत्येकाने भांडं ठेवलं, "असंच आणलं" म्हटलं आणि पळ काढला. लिरिन मासे घेऊन गेली तेव्हा मीही मागून गेलो.

उबुंग त्या भांड्यांच्या रांगेपुढे उभी होती. पायलट दुसऱ्या टोकाला शेपूट हलवत कोंबडीशी ओळख करून घेत होता.

"कोण मेलं?" उबुंगने विचारलं.

"कुणी नाही मेलं," लिरिन म्हणाली.

"मग हे काय?"

"असंच."

"असंच तू मला मीठसुद्धा देत नाहीस, लिरिन."

लिरिनने मासे खाली ठेवले आणि स्वतःही बसली. "मेरांग जिवंत आहे," ती म्हणाली. "युसाकला भेटला. दुकान आहे त्याचं तिकडे." ती थांबली. "घर आहे."

कुणाचं घर, कसलं घर, हे उबुंगने विचारलं नाही. लिरिनच्या तोंडाकडे बघून तिला कळलं असावं. ती भांड्यांकडे वळली, जणू यातलं कुठलं आधी उघडावं असा विचार करतेय.

"बरं," ती म्हणाली. "मासे गार होतील. बसा दोघं. एवढं मी एकटी कुठे खाणार?"

आम्ही बसलो. लिरिन आणि मी भात चिवडत होतो, तीच एकटी नीट जेवत होती. काटा काढायची, बाजूला ठेवायची, घास घ्यायची. अर्ध्यावर तिचा हात थांबला.

"म्हणजे तो मेलेला नाही."

"नाही," मी म्हणालो.

"कधीच नव्हता."

"नाही."

"म्हणजे मला सुतक नव्हतंच." तिने लिरिनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग यंदा लावतील."

आधी मला कळेचना ती काय म्हणतेय. नवऱ्याने दुसरीकडे चूल मांडल्याची बातमी अजून पानात वाफाळतेय, आणि हिचं काय भलतंच? कळलं तेव्हा मी उगाच मोठ्याने म्हणालो, "लावतील म्हणजे! रांग लागेल रांग!"

ती थोडी हसली. त्या संध्याकाळी तिच्या उखळाचा आवाज आला नाही. लिरिन मला म्हणाली, काहीतरी बोल, भांड, तिला ऐकू जाऊ दे. आम्ही दोघांनी प्रयत्न केला. जमलं नाही.

टोकणीत तिच्या शेताची पाळी आली. ओढ्याच्या वरचा उतार, काळाभोर, मधूनमधून जळके बुंधे. सगळं गाव आलं, एक घर मागे राहिलं नाही. तिने पहाटेपासून रांधलं होतं. आल्याआल्या मी बघितलं तर तिच्या कमरेला चिंधीची चांगली मोठी गाठ. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने स्वतःची काजळी आणली होती.

उकोंनी काही सांगायची गरज नव्हती. सुतक नाही, दंड नाही, हात धरणारं कुणी नाही. पण माणसं बघा कशी असतात. आधी तिला सोडायचे नवरा मेला असेल म्हणून. आता सोडायला लागले नवरा जिवंत आहे म्हणून. "आज कशी थट्टा करायची बिचारीची?" बायका आपसात म्हणाल्या. "आतून जळत असेल ती." पुरुषांना वाटलं, नवऱ्याने टाकलेल्या बाईच्या तोंडाला आपण हात लावायचा, आणि उद्या कुणी त्याचा भलता अर्थ काढला तर? पहिल्या ओळीलाच पाद्रीबाबा काळे झाले. मग युसाकचा नवा शर्ट गेला. मग लिरिनने मला एका बुंध्याशी गाठलं आणि माझ्या नाकात काजळी गेली. हसण्याचा लोट उतारावरून चढत होता आणि उबुंगपाशी येऊन दोन्ही बाजूंनी पुढे जात होता.

ती आपल्या परीने करत होती. ओळ संपली की थांबायची. पुरुषांकडे पाठ करून, टोपली खाली ठेवून, कपाळ पुसायची. कपाळावर घाम नसला तरी पुसायची, आणि पुसत राहायची. मागून कुणी येत नसे. मग टोपली उचलून पुढची ओळ. एकदा माझ्याच पुढ्यात थांबली. मी हात काळे केले होते. लिरिनने लांबून मान हलवून मला नको म्हटलं, आणि मी ते हात एका बुंध्याला पुसले. लिरिननेही मघाशी तिच्यासाठी काळे केलेले हात असेच झग्याला पुसले होते.

दुपारी झोपडीपुढे सगळे जेवायला बसले. एकूणएक तोंड काळं, दात तेवढे पांढरे. आणि उबुंग कोऱ्या तोंडाने वाढत फिरत होती. "भात घे ना. अजून घे." कुणी तिच्याकडे सरळ बघत नव्हतं. कुणीतरी हळूच म्हणालं, "किती धीराची आहे." ते तिने ऐकलं.

तिने पळी खाली ठेवली. कमरेची गाठ सोडली नाही. चुलीवरचा रिकामा झालेला मोठा टोप उचलला, उलटा केला आणि दोन्ही तळवे त्याच्या बुडावर गरागरा फिरवले. मग चालत गेली ती सरळ उको इंगानांपुढे. ते ओंडक्यावर बसले होते. नातींनी सकाळीच त्यांच्या दोन्ही गालांवर हलकीशी बोटं ओढली होती, मानाप्रमाणे. उबुंगने त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत सारवून काढलं. पांढऱ्या भुवया गेल्या. मिशा गेल्या.

आता पाळी उकोंची.

आमच्याकडे नियम असा, की ज्याला लावली त्याने परत लावायचीच. नाही लावली तर लावणाऱ्याचा अपमान, आणि तो अपमान दंडात बसत नाही, तो तसाच राहतो. हा नियम लोकांना शिकवत आलेले म्हणजे उकोच. ते सावकाश उठले. त्यांनी टोपाकडे बघितलं, उबुंगकडे बघितलं. मग फक्त एक बोट, तर्जनी, टोपाच्या बुडाला टेकवलं आणि तिच्या कपाळावर अलगद एक ठिपका ठेवला.

"झालं," ते म्हणाले. त्यांनी बोट ओंडक्याला पुसलं. "सगळ्यांनी बघितलं. आता एवढी पुरे, पोरी. मन दुखलेल्या माणसाला जास्त लावू नये."

उबुंगने चेहरा मागे घेतला नाही.

"तान्ह्या पोराला तीट लावताय का, उको? इतक्या वर्षांची राहिलीय माझी. दोन्ही हातांनी लावा."